खडक जागेवर आहे, बोया कुठे आहे?

एक बांबू आणि त्याच्या टोकाला बांधलेला जुन्या परकराचा लाल तुकडा. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका खाडीच्या मुखाशी, ओहोटी लागलेली असताना, आमची होडी त्या तुकड्याकडे नाक करून निघाली होती. तांडेलाची नजर त्यावरून ढळत नव्हती. डाव्या अंगाला पाण्याचा रंग किंचित निराळा होता. तोही त्याने बोट दाखवले म्हणून दिसला, एरवी आम्ही ढगाची सावली समजून सोडून दिला असता. ते खडप होते. भरतीला त्याच्यावर पुरुषभर पाणी, ओहोटीला बोटभर. ही काठी कोणी रोवली, असे विचारले तेव्हा म्हातारा तांडेल आमच्याकडे न बघताच म्हणाला, ‘आमीच. दुसरो कोण रोवतलो?’ दर पावसाळ्यात ती वाहून जाते. नारळी पौर्णिमा झाली की वाडीतले चार जण जाऊन नवी रोवतात. बांबूचे पैसे वर्गणीतून येतात.

या बांबूच्या जागी सरकारी बोया का नाही, हा प्रश्न आम्ही पुढे एका कार्यालयात नेला. कार्यालयाचे नाव सांगत नाही. सांगितले तर बदली होईल ती शिपायाची. खुर्चीतल्या साहेबांनी खिशातून मोबाइल काढला, टेबलावर ठेवला आणि त्यावर दोनदा बोट आपटून म्हणाले, ‘आता याच्यात सगळं दिसतं हो. बोये कोण बघतो?’

बोये कोण बघतो? ज्याच्या खिशात साहेबांचा मोबाइल नाही तो बघतो. ज्याचा मोबाइल लाटेच्या पहिल्या फवाऱ्यात बंद पडतो तो बघतो. ज्याचे दोन्ही हात सुकाणूवर आहेत, डोळ्यांत खारे पाणी गेले आहे आणि होडीत अठरा माणसे बसली आहेत तो बघतो. समुद्रावर पोट भरणारा प्रत्येक जण बघतो. बघत नाहीत ते फक्त समुद्राच्या नावाने पगार घेऊन जमिनीवर बसणारे!

साहेबांच्या मोबाइलमध्ये काय दिसते, तेही पाहू. आपण कुठे आहोत ते दिसते. खडक कुठे आहे ते नकाशा सांगतो, आणि नकाशा कधीतरी कोणीतरी मोजलेला असतो. २०१३ च्या जानेवारीत अमेरिकी नौदलाची ‘गार्डियन’ ही सुरुंगशोधक नौका फिलिपिन्सजवळच्या तुब्बाताहा प्रवाळखडकावर चढली. तिच्या डिजिटल नकाशात तो खडक प्रत्यक्षापेक्षा सुमारे आठ सागरी मैल दूर दाखवलेला होता. जगातल्या सर्वांत श्रीमंत नौदलाची ती नौका शेवटी जागीच कापून तुकड्या-तुकड्यांनी उचलावी लागली. पुढच्याच वर्षी जगप्रदक्षिणेच्या शर्यतीतली ‘वेस्तास विंड’ हिंदी महासागरात मॉरिशसच्या ईशान्येला कार्गादोस काराहोसच्या खडकांवर आदळली. खडक नकाशात होते, पण पडद्यावरचा नकाशा पुरेसा मोठा करून पाहिल्याशिवाय दिसत नव्हते, आणि कोणी तो मोठा करून पाहिला नव्हता. हे सगळे व्यावसायिक दर्यावर्दी होते. आमच्या तांडेलाने उसळत्या होडीत, ओल्या अंगठ्याने, नकाशा किती मोठा करायचा ते साहेबांनी परिपत्रक काढून कळवावे.

आणि आमच्या खाड्यांची तर गोष्टच वेगळी. कोकणातल्या खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा दर पावसाळ्यात सरकतो. ज्येष्ठात जिथून लाँच जात होती तिथे भाद्रपदात गुडघाभर पाणी असते. उपग्रह वीस हजार किलोमीटरवरून तुमची जागा अचूक सांगेल, पण दांडा रात्रीत कुठे सरकला ते त्याला कोण सांगणार? ते कोळ्याला ठाऊक असते. बोया असेल तर तो उचलून पुढे ठेवता येतो आणि ती बातमी येणाऱ्या प्रत्येक बोटीला, मग ती ओळखीची असो वा नसो, फुकट आणि डोळ्यांना कळते.

बोया म्हणजे नुसता पाण्यावर तरंगणारा डबा, असे समजणाऱ्यांसाठी दोन शब्द. त्याला भाषा आहे, व्याकरण आहे. आपल्याकडे समुद्रातून बंदरात शिरताना लाल बोया डाव्या हाताला आणि हिरवा उजव्या हाताला ठेवायचा. मधली वाट तुमची. एकट्या खडकावर काळा बोया, त्याला लाल पट्टा, डोक्यावर दोन काळे गोळे. पिवळ्या-काळ्या रंगाचा बोया धोक्याच्या कोणत्या दिशेला मोकळे पाणी आहे ते सांगतो, आणि रात्री तेच सांगतो लुकलुकून: पूर्वेचा तीन वेळा, दक्षिणेचा सहा वेळा आणि वर एक लांब, पश्चिमेचा नऊ वेळा. घड्याळातले तीन, सहा आणि नऊ कुठे असतात ते आठवा; निरक्षर माणसालाही एकदा सांगितले की पुरे. ज्याने हे बसवले त्याला समुद्रही कळत होता आणि माणूसही.

हे व्याकरण प्रेतांवर उभे राहिले आहे. १९७१ च्या जानेवारीत इंग्लिश खाडीत ‘टेक्साको कॅरिबियन’ हे तेलवाहू जहाज टक्कर होऊन बुडाले. दुसऱ्याच दिवशी ‘ब्रांडनबुर्ग’ हे जहाज त्या बुडालेल्या सांगाड्यावर आपटून गेले. मग तिथे इशाऱ्याच्या खुणा लावल्या गेल्या, तरी फेब्रुवारीअखेर ‘निकी’ हे तिसरे जहाज त्यांतूनच आत शिरले आणि सगळ्या खलाशांसह तळाला गेले. एकूण ५१ माणसे. त्या काळी जगात बोयांच्या तीसहून अधिक निरनिराळ्या पद्धती चालत. एका देशाची खूण दुसऱ्याला कळेना. त्या धक्क्यातून जगाने एक भाषा ठरवायला घेतली आणि १९८० मध्ये टोकियोच्या परिषदेत ती मान्य झाली. आज जो बोया साहेबांना अडगळ वाटतो, त्याच्या प्रत्येक पट्ट्यामागे हा हिशेब आहे.

पण बोयाची खरी किंमत कळायची असेल तर ‘रॉयल मॅजेस्टी’ची गोष्ट ऐकली पाहिजे. १० जून १९९५ ची रात्र. दीड हजार माणसे घेऊन हे प्रवासी जहाज बर्म्युडाहून बोस्टनला निघालेले. बर्म्युडा सोडून तास व्हायच्या आत जीपीएसच्या अँटेनाची तार निसटली. यंत्र बंद पडले असते तर बरे झाले असते! ते बंद पडले नाही. वेग आणि दिशा यांवरून अंदाज बांधत ते आकडे दाखवत राहिले, आणि पडद्याच्या कोपऱ्यात दोन बारीक अक्षरे तेवढी बदलली. ३४ तास कोणाच्या लक्षात आले नाही. जहाज वाटेपासून तब्बल १७ सागरी मैल सरकले. ठरलेल्या वेळी रडारवर एक बोया दिसला. अधिकाऱ्याने तो आपलाच धरला. प्रत्यक्षात तो १९५६ मध्ये बुडालेल्या ‘आंद्रेआ दोरिया’च्या सांगाड्यावरचा, भलत्याच जागेचा बोया होता. पुढचा बोया दिसायला हवा होता, तो दिसलाच नाही. दिसणार कसा? तो होता तिथेच होता, जहाज तिथे नव्हते. आणि पाळीवरच्या अधिकाऱ्याने कप्तानाला काय सांगितले? बोया दिसला म्हणून सांगितले. यंत्रात सगळे ठीक होते ना! आसपासचे मच्छीमार रेडिओवरून ओरडत होते, हे एवढे मोठे जहाज इथे कसे म्हणून. टेहळणीवरचे खलाशी पुढे पाणी पांढरे दिसतेय म्हणून सांगत होते. पडद्यावर ते काहीच नव्हते. जहाज नँटकेट बेटाजवळच्या वाळूवर चढले. सुदैवाने कोणी दगावले नाही.

त्या रात्री न दिसलेल्या बोयाने जे सांगितले, ते कोणतेही यंत्र सांगू शकत नाही. बोया जिथे हवा तिथे दिसला नाही, तर यंत्र चुकते आहे किंवा तुम्ही चुकता आहात. दुसरा साक्षीदार असा असतो. कोर्टसुद्धा एकाच साक्षीवर फाशी देताना शंभरदा विचार करते. समुद्रात मात्र एका पडद्यावर दीडशे माणसांची होडी सोडायला आमचे शहाणे तयार!

शहाणे फक्त आमच्याकडेच आहेत असेही नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या तटरक्षक दलाने, न्यू जर्सीपासून मेनपर्यंतच्या किनाऱ्यावरचे, म्हणजे ‘रॉयल मॅजेस्टी’ रुतली त्याच पट्ट्यातले, सुमारे साडेतीनशे बोये काढून टाकण्याचा प्रस्ताव मांडला. कारण काय, तर हे बोये जीपीएसच्या आधीच्या काळातले आहेत. तिथले मच्छीमार, शिडाच्या होड्या हाकणारे, छोट्या बंदरांचे लोक तुटून पडले. धुक्यात घंटा वाजवणारा बोया काढून त्या जागी काय देणार, असा त्यांचा सरळ सवाल होता. हे इथे सांगायचे कारण एवढेच की, उद्या आमच्याकडचा कोणी सल्लागार ‘अमेरिकेतसुद्धा काढताहेत’ म्हणत फाइल पुढे सरकवेल, तेव्हा त्याला दुसरी बाजू ठाऊक असावी. अमेरिकेकडे काढण्याइतके बोये तरी आहेत. आमच्या खाडीत परकराचा तुकडा आहे.

उपग्रहांचा भरवसा तरी किती? २०१७ च्या जूनमध्ये काळ्या समुद्रातल्या जहाजांच्या पडद्यांवर ती जहाजे जमिनीवरच्या विमानतळात उभी असल्याचे दिसू लागले. मे २०२५ मध्ये ‘एमएससी अँटोनिया’ हे कंटेनरवाहू जहाज जेद्दाहजवळ रुतले. जीपीएसमध्ये कोणीतरी ढवळाढवळ केली, असे सागरी सुरक्षेतल्या तज्ज्ञांचे म्हणणे पडले. आमची स्वतःची ‘नाविक’ यंत्रणा आहे, तिचा आम्हांला अभिमान आहे. पण तिच्यासाठी २०२५ च्या जानेवारीत सोडलेला एनव्हीएस-०२ हा उपग्रह एक झडप न उघडल्याने ठरलेल्या कक्षेत पोचूच शकला नाही. यात शास्त्रज्ञांना दोष नाही. आकाशातल्या यंत्राला अडथळा येतो, म्हणून तर खाली साखळीला बांधलेला एक मुका इमानी राखणदार ठेवायचा असतो.

शत्रूला हे फार पूर्वीपासून कळते. १७९७ मध्ये टेम्स नदीच्या मुखाशी नोर इथे इंग्रज नौदलात बंड झाले, तेव्हा लंडनने बंडखोरांची जहाजे अडवायला काय केले? वाटेवरचे बोये आणि खुणा काढून टाकल्या. जहाजे होती, तोफा होत्या, हुशार खलाशी होते. खुणाच नाहीत म्हटल्यावर बाहेर पडायची हिंमत होईना. विजयदुर्गच्या समुद्रात पाण्याखाली भिंत बांधून शत्रूची गलबते फोडल्याचे आपण पोरांना कौतुकाने सांगतो. ती भिंत हत्यार होती, कारण ती दिसत नव्हती. मग ज्या खडपावर आपण खूण लावत नाही, ते खडप कोणाविरुद्ध हत्यार म्हणून ठेवले आहे? दाभोळच्या की देवगडच्या खलाशाविरुद्ध?

मुंबईत डोळ्यांदेखत झाले तेही विसरू नये. २४ ऑक्टोबर २०१८ रोजी अरबी समुद्रातल्या शिवस्मारकाच्या कामाच्या शुभारंभाला निघालेली बोट खडकावर आपटून बुडाली. एक तरुण गेला. ज्या राजाने खांदेरी, सिंधुदुर्ग उभे करताना समुद्रातला खडक आणि खडक ओळखला, त्याच्याच नावाच्या कार्यक्रमाला जाताना! खडकाने त्या दिवशी जागा बदललेली नव्हती. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ यांची टक्कर झाली, कंटेनर पाण्यात पडले, आणि देशातली अतिशय गजबजलेली वाट काही दिवस बंद ठेवावी लागली. सकाळी नकाशात मोकळे असलेले पाणी दुपारी मोकळे नव्हते. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि पंधरा जीव गेले. तो अपघात बोयाने टळला असता, असे आम्ही म्हणत नाही. खोटे बोलून बाजू मांडायची आम्हांला गरज नाही. पण लाइफ जॅकेटची सक्ती कधी आठवली? प्रेते धक्क्याला लागल्यावर. बैल गेला अन् झोपा केला, ही म्हण सागरी खात्यांनी आता बोधचिन्हावरच छापून घ्यावी.

आता कायद्याचे. १९२७ चा दीपस्तंभ कायदा जाऊन २०२१ मध्ये नौकानयनाच्या सागरी खुणांचा नवा कायदा आला. त्यात बोया मोडणाऱ्याला शिक्षा आहे. योग्यच आहे. बोया वाहून गेल्यावर वर्षानुवर्षे न लावणाऱ्याला कोणती शिक्षा आहे? मोठे दीपस्तंभ केंद्राच्या महासंचालनालयाकडे. बंदराच्या हद्दीतल्या खुणा त्या बंदराकडे. राज्यातली ४८ छोटी बंदरे सागरी मंडळाकडे. मच्छीमारांचा धक्का मत्स्यव्यवसाय खात्याकडे. खासगी बंदराची वाट कंपनीकडे. आणि मधले खडप? ते देवाकडे. मोठी जहाजे खुणांसाठी शुल्क भरतात, म्हणून त्यांच्या वाटेवर दोन्ही बाजूंना दिव्यांची रांग. होडीवाला शुल्क भरत नाही, म्हणून त्याने परकर बांधावा. हा समुद्रातला जातिभेद आहे, आणि तो शिवाशिवीइतकाच निर्लज्ज आहे. ‘आभासी बोया’ म्हणून जे नवे खूळ निघाले आहे, जो फक्त महागड्या पडद्यावर दिसतो आणि पाण्यावर नसतो, तो या भेदाचा कळस! पडदा असेल त्याला खडक दिसेल. नसेल त्याने खडकावर जावे.

सरकार पैसे खर्चतच नाही, असे नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत देशातली ७५ दीपगृहे पर्यटनस्थळे म्हणून सजवून लोकांना अर्पण झाली. तिथे सेल्फी चांगले येतात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पालघरला मच्छीमार बोटींसाठी एक लाख ट्रान्सपाँडरची योजना सुरू झाली. ती योजना चांगली आहे, आम्ही तिचे स्वागत केले होते. तिच्यामुळे बुडणाऱ्या बोटीला हाक मारता येईल. पण बुडूच नये म्हणून काय? खुणेचा खर्च लोकांना दिसत नाही, त्याच्या उद्घाटनाला मंत्री येत नाहीत, आणि बोयाने वाचवलेल्या माणसाची बातमी कुठल्याच वर्तमानपत्रात येत नाही. आमच्याही नाही.

बोया पाण्यात सोडला म्हणजे काम झाले, असेही कोणी समजू नये. त्याचा जीव साखळीत असतो. तळाला काँक्रीटचा गोळा, वर तरंगता देह, आणि मधली साखळी जिथे वाळूला घासते तिथे कडी रोज थोडी थोडी झिजते. वरून सगळे छान दिसत असते आणि एका उधाणात बोया वाहून जातो. वाहून गेलेला बोया न लावलेल्या बोयाहून वाईट, कारण तो भलत्या जागी उभा राहून खोटी साक्ष देतो. म्हणून ठरल्या वेळी तो उचलायचा, अंगावरचे शिंपले खरवडायचे, कडी मोजायची, दिवा आणि बॅटरी तपासायची. कंटाळवाणे काम आहे. ते करायला पगारी माणूस आणि उचलणारी बोट लागते. टेंडर काढून एकदाच हजार बोये टाकणारा ठेकेदार नव्हे.

आता आमच्या दर्यावर्दी बांधवांनाही चार शब्द ऐकवतो, राग आला तरी चालेल. बोयाला होडी बांधून न्याहारी करणारे कोण? त्याच्या साखळीला जाळे अडकवणारे कोण? त्यावरची सौर तबकडी आणि बॅटरी काढून घरात दिवा लावणारे कोण? ते काही दिल्लीहून येत नाहीत. आपल्या वाडीच्या काठीला हात लावणाऱ्याला जी वाडी उभे करत नाही, ती वाडी सरकारी बोयाची बॅटरी गेली तर गप्प का बसते? ज्याने दिवा चोरला, त्याचा शेजारी त्या काळोखात आपटणार आहे. मच्छीमार सोसायट्यांनी आपल्या खाडीच्या बोयांची राखण अंगावर घ्यावी आणि चोराचे नाव सभेत घ्यावे.

आमची मागणी मोघम नाही. सागरी मंडळाने आपल्या प्रत्येक खाडीच्या मुखाची यादी मराठीत, प्रत्येक धक्क्यावर लावावी: कोणते खडप, कोणता दांडा, तिथे बोया आहे की नाही, शेवटचा कधी तपासला, आणि तो कोणाच्या नावावर आहे. अधिकाऱ्याचे पद लिहू नका, नाव लिहा. पावसाळा सरून समुद्र निवळला की पाहणी करावी आणि पाहणीच्या बोटीत त्या गावचा तांडेल मानधन देऊन बसवावा. खडपाला गावात काय म्हणतात ते त्याच्याकडून लिहून घ्यावे. बोया नाहीसा झाला तर कळवायचा फोन क्रमांक बोयावरच रंगवावा. आणि आभासी बोये हवे तेवढे लावा, पण प्रत्यक्ष बोयाच्या जोडीला. त्याच्या जागी एकही नको.

आणि हे होईपर्यंत त्या खात्याच्या मंत्र्यांनी, सचिवांनी आणि टेबलावर मोबाइल ठेवणाऱ्या आमच्या साहेबांनी एक करावे. ओहोटीच्या वेळी, अंधार पडल्यावर, आपला तो मोबाइल घेऊन त्या खाडीतून एकदा बाहेर पडून दाखवावे. होडीची सोय आम्ही करतो. तांडेल मात्र बरोबर येणार नाही.